लॅपला एक सेकंद

रविवारी रात्रीची जेवणं उरकली आणि मी सकाळची वही घेऊन आकडे एक्सेलमध्ये भरायला बसलो. तशी गरज काही नव्हती. निकाल सकाळीच लागला होता, ग्रुपवर टाकून झाला होता, पुरावा म्हणून वहीच्या पानाचा फोटोही चिकटवला होता आणि त्यावर सात अंगठे आले होते. रिमोटच्या छोट्या गाड्या मातीत पळवणाऱ्या आमचा ग्रुप नऊ जणांचा, त्यातला एक मी, म्हणजे जवळजवळ बिनविरोध निवड. गाडीच्या मागच्या चाकांना जुने टायर लावून पाच लॅप, म्हणजे ट्रॅकच्या पाच फेऱ्या, मग नवे टायर लावून पाच लॅप. जुने: २४.९, २४.६, २४.२, २३.९, २३.७. नवे: २३.६, २३.३, २३.२, २३.०, २२.९. सरासरी २४.२६ आणि २३.२०. खाली मी लिहिलं होतं, "नवे टायर लॅपला पूर्ण एक सेकंद फास्ट. डोळे झाकून घ्या." लॅपला एक सेकंद ही आमच्या खेळात लॉटरी असते. पाच मिनिटांच्या शर्यतीत तेवढ्यावर अर्ध्या लॅपची आघाडी मिळते, आणि इथे माणसं ०.१ सेकंदासाठी पैसे घालतात.

एक्सेलनं आलेख काढला. दहा ठिपके. जुन्या टायरचा पाचवा ठिपका आणि नव्या टायरचा पहिला ठिपका, यांच्या मध्ये एक पायरी दिसायला हवी होती. टायर तिथेच तर बदलले होते. पण पायरी नव्हतीच. पहिल्या लॅपपासून दहाव्यापर्यंत एक सरळ घसरगुंडी होती, आणि टायर बदलले त्या जागी फरक होता फक्त ०.१. त्याच्या आधी नुसत्या जुन्या टायरवर मी एकेका लॅपला ०.३, ०.४ कमावत होतो. मी चष्मा पुसून परत पाहिलं. मग वहीच पाहिली, आकडा चुकीचा भरला असेल म्हणून. आकडे बरोबर होते.

वेळ टायरमुळे कमी होत नव्हती. सकाळच पुढे सरकत होती.

सात वाजता आम्ही पोचलो तेव्हा मुरुमावर दव होतं. कार्तिकातलं दव, चपलेला लागतं एवढं. वर रात्रभर वाऱ्यानं आणलेली बारीक कच. पहिले दोन लॅप गाडी त्या कचेवर नुसती तरंगत होती. पण प्रत्येक फेरीला चाकं थोडी थोडी कच बाजूला उडवतात, आणि पाच-सहा फेऱ्यांत ट्रॅकवर एक झाडलेली पट्टी तयार होते. खालचा मुरूम घट्ट, किंचित ओलसर, पकड देणारा. त्यातच ऊन वर आलं, रबर कोमट होऊन मऊ पडलं. आणि माझे अंगठे, जे आठवडाभर फक्त लॅपटॉपवर चालतात, त्यांना दहा मिनिटांत तिसऱ्या वळणाचा अंदाज आला. हे सगळं जुन्या टायरांनी केलं. घाम त्यांनी गाळला. नवे टायर साडेसातला ऐटीत आले आणि त्यांनी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या.

आता यातली खरी लाज सांगतो. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. गेली एकवीस वर्षं दिवसभर दुसऱ्यांच्या मोजमापातल्या चुका काढणं हाच माझा धंदा. सप्लायरचा पोरगा रिपोर्ट घेऊन येतो आणि मी विचारतो, "सगळे जुने पार्ट सकाळच्या शिफ्टला आणि सगळे नवे दुपारच्या शिफ्टला का मोजले?" तो गप्प बसतो, मी त्याच्याकडे जरा वेळ बघत राहतो. हा बघण्याचा भाग मला आवडतो, हेही कबूल करून टाकतो. आणि स्वतःच्या हौसेच्या गाडीवर, रविवारी, नेमकी तीच चूक करून वर फोटो काढून गावभर वाटला होता.

लगेच ग्रुपवर लिहायला हवं होतं. मोबाइल हातात घेतलाही. तेवढ्यात वरती दोन मेसेज दिसले. डॉक्टरांचा, म्हणजे आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरांचा: "ऑर्डर केले. थँक्स." आणि त्याच्या खाली डिप्लोमावाल्याचा: "मी पण केले काका." हा पोरगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, संध्याकाळी मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात बसतो, आणि त्याची बग्गी, म्हणजे मातीत पळवायची गाडी, दुसऱ्या हाताची आहे. टायरची जोडी कस्टम ड्यूटी धरून अडीच हजारांना पडते. डॉक्टरांना अडीच हजार म्हणजे एक दात. त्या पोराला अडीच हजार म्हणजे किती डिस्प्ले बदलायचे, याचा हिशेब मी केला नाही, कारण तो करावासा वाटला नाही.

मी सोमवारी काही बोललो नाही. मंगळवारीही नाही.

या खेळात माणूस टायरपाशीच का अडकतो, हे बाहेरच्याला सांगणं कठीण आहे. दीड किलोची गाडी, मागच्या दोन चाकांना जोर, मोटर मुठीत मावणारी. जमिनीला टेकतात ते रबराचे चार तुकडे, आणि प्रत्येकाचा टेकलेला भाग दोन बोटांएवढा. बाकी सगळी इंजिनियरिंग त्या दोन बोटांच्या वर. पुन्हा हे टायर खऱ्या गाडीसारखे नसतात. आत हवा भरून ठेवलेली नसते. हवेऐवजी फोमची एक कडी असते आणि रिममध्ये किंवा टायरमध्ये भोक असतं, म्हणजे दाबल्यावर आतली हवा बाहेर जाते आणि सोडल्यावर परत येते. फोम मऊ घ्यायचा की कडक, भोक रिमला पाडायचं की रबराला, यावर आमच्या ग्रुपमध्ये दोन तट आहेत आणि त्यांच्यात सोयरीक होणं अवघड आहे. रबराला भोक पाडलं तर आत गेलेलं पाणी फिरताना बाहेर फेकलं जातं, पण त्याच वाटेनं मुरुमाची पूडही आत शिरते. महिन्याभरानं टायर हलवून बघा, आत खुळखुळा वाजतो.

आणि तो फिरतो किती. एकदा बसून हिशेब केला. मागच्या टायरचा व्यास ८५ मिलिमीटर, म्हणजे घेर जवळजवळ २७ सेंटीमीटर. गाडी ताशी ४५ किलोमीटरनं गेली तर सेकंदाला साडेबारा मीटर. म्हणजे एका सेकंदात सेहेचाळीसहून जास्त फेरे. एवढ्या वेगात मऊ रबर रिमपासून बाहेर ओढलं जातं, टायर मधोमध फुगून उंच आणि निमुळता होतो, भाकरी टम्म फुगावी तसा, आणि जमिनीला मधली एक चिंचोळी पट्टीच टेकते. सरळ रस्त्यावर नवशिक्याची गाडी आपोआप उजवी-डावी नाचायला लागते ती यामुळे. तो बिचारा ट्रिम, म्हणजे रिमोटवरचं चाकं सरळ करायचं बटण, फिरवत बसतो.

चाकं चिकटवण्याचा सोहळा वेगळाच. नवा टायर साच्यातून आलेला असतो, त्याला साच्याचं तेल लागलेलं असतं, म्हणून आधी भांड्याच्या साबणानं तो धुवायचा. ओला टायर नाकाशी नेला की पावसाळ्यात चपलांच्या दुकानात शिरल्यासारखा वास येतो. मग वाळवायचा, फोमची कडी आत बसवायची, रिमच्या खाचेत टायरची कड चारी बाजूंनी सारखी बसली की नाही ते अंगठ्यानं चाचपायचं, आणि कड जराशी उचलून पातळ इन्स्टंट ग्लूचा एकेक थेंब सोडत गोल फिरायचं. थेंब जास्त पडला तर बोट टायरला. माझ्या उजव्या तर्जनीला ठसा नाही असे निदान दोन आठवडे दरवर्षी जातात. मध्ये एकदा बँकेतल्या अंगठा मशीननं मला ओळखायला नकार दिला होता. टायर झिजला की उलटा कारभार. रिम वाचवायची तर दोन दिवस अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवा, नाहीतर उकळा. उकळण्यासाठी मी घरातलं एक जुनं पातेलं मागून घेतलं होतं. "ते आता परत आणू नकोस," एवढंच बायको म्हणाली होती, आणि त्यानंतर ते पातेलं बाल्कनीत माझ्या नावावर आहे.

दर वेळी टायर रिमवर ओढताना मला आजोळची धाव, म्हणजे बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी कडी, आठवते. कराडकडच्या त्या गावात बैलगाड्या लाकडी चाकांच्या होत्या तोवर वर्षातून एकदा लोहारशाळेपुढे हा कार्यक्रम असायचा. जमिनीवर गोवऱ्यांचं गोल कडं रचायचं, त्यात लोखंडी धाव ठेवायची आणि पेटवून द्यायचं. धाव चाकापेक्षा बोटभर लहान असते, थंड असताना ती चढूच शकत नाही. ती तापून लाल झाली की तीन माणसं तीन सांडशांनी उचलायची, बाभळीच्या चाकावर टाकायची, घणाचे चार ठोके, आणि लगेच घागरीनं पाणी. लाकूड जळल्याचा वास, वाफ, आणि त्या वाफेतून चाकाचा आवाज. चाक बोलायचं. धाव आकसताना आरे तुंब्यात घट्ट बसत जायचे, आणि त्यांची ती करकर आम्ही पोरं लांब उभी राहून ऐकायचो. लोहार कान लावून बसायचा. आवाज थांबला की म्हणायचा, बसली. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, एक्सेल तर नव्हतंच. त्या एका शब्दावर गाडीवान वर्षभर ऊस वाहायचा.

माझा शब्द त्या लायकीचा नव्हता, एवढंच.

या छोट्या गाड्यांचा इतिहास काढला तर तो सगळा असा मोजत आणि मोडत पुढे गेलेला दिसतो. जपानच्या तामिया कंपनीनं १९७६ साली पोर्शे ९३४ आणली ती मॉडेलवाल्यांसाठी होती, दिसायला देखणी, डांबरावर चालणारी. १९७९ साली रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर आल्या तेव्हा ही खेळणी मातीत उतरली. मग १९८४ साली असोसिएटेड या अमेरिकन कंपनीची आरसी-टेन आली, सोनेरी अ‍ॅल्युमिनियमच्या टबाची, म्हणजे खालच्या सांगाड्याची. ती खेळण्याच्या दुकानासाठी नव्हती, शर्यतीसाठीच काढलेली होती, आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात ऑफ-रोडची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिकडे इंग्लंडमध्ये सेसिल शूमाकर नावाचा माणूस कॉसवर्थसारख्या शर्यतीच्या इंजिनांच्या कंपनीत काम करणारा. डिफरन्शियल म्हणजे वळणात दोन चाकांना कमीजास्त फिरू देणारा भाग; त्यानं गिअरच्या दातांऐवजी बारीक गोळ्यांवर चालणारा डिफरन्शियल काढला. दोन गुळगुळीत कड्यांच्या मध्ये गोळ्या, बाहेरून एक स्क्रू. तो पिळला की डिफरन्शियल घट्ट, सोडला की सैल. ज्यानं पहिल्यांदा तो स्क्रू पाव फेरा फिरवून गाडी वळणात बघितली असेल, त्याच्या आनंदाची मला अजून असूया वाटते.

पण या लोकांची माती आपली नाही. टायरच्या पाकिटामागे छापलेलं असतं की हा टायर कशासाठी: पक्की चिकणमाती, पोयटा, कार्पेट, प्लास्टिकची हिरवळ. इंग्लंडात बऱ्याच क्लबांचे ट्रॅक खोट्या गवताचेच असतात, त्यावर बारीक टाचण्यांसारख्या पिनांचा टायर चालतो. अमेरिकेत चिकणमातीच्या ट्रॅकवर इतकं रबर घासलं जातं की मातीवर निळसर काळी चकचकीत पट्टी उमटते. त्या पट्टीसाठी वेगळा टायर मिळतो. मुरूम कुठल्याच पाकिटावर नसतो. दिवे घाट चढून सासवडच्या अंगाला गेलात की जी जमीन लागते, वर फुफाटा, खाली मुरूम, मध्ये मध्ये डोकं वर काढलेला काळा दगड, तिचा विचार करून जगात कुणीही टायर बनवलेला नाही. त्यामुळे आपण सगळे परक्याच्या चपला घालून शेतात चालतो. मऊ रबराचा टायर इथे तीन रविवार टिकतो. सुरुवातीला ज्वारीच्या दाण्याएवढ्या पिना असतात. दुसऱ्या रविवारी त्यांची पुढची कड गोल होते आणि मागची धारदार राहते, तेव्हा डावं चाक उजवीकडे लावून आणखी एक आठवडा काढायचा. तिसऱ्या रविवारी टक्कल.

आम्ही खेळतो ते एन.ए. प्लॉटचं एक लेआऊट आहे. दगडी खांब, कमान, कमानीवर सोसायटीचं फुलाफळांचं नाव, आत एकही घर नाही. राखणीला एक मामा आहेत, त्यांच्या चार शेळ्या आहेत. मामांनी पहिल्या दिवशी आमच्याकडे बघून "हे मोठ्या माणसांचं हाय व्हय?" असं विचारलं होतं, आणि त्यानंतर आठवड्याभरात तेच ट्रॅकच्या कडेला दगड रचून देऊ लागले. माझ्या व्ही नक्षीच्या टायरचा ठसा बघून त्यांनीच मला सांगितलं होतं की टायर उलटे लागलेत. मी म्हणालो, "नाही मामा, बाण पुढेच आहे की." ते वाकले आणि ओल्या मुरुमातल्या ठशावर काडी ठेवली. "साहेब, ट्रॅक्टरच्या ठशातला बाण गेल्याल्या बाजूला नसतो. आल्याल्या बाजूला असतो." मी दुसऱ्या दिवशी चाकणच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे गाडी हळू करून खात्री केली. नक्षीचं टोक आधी जमिनीला टेकतं, बाजूचे हात नंतर, म्हणून मातीत उमटलेलं टोक मागेच राहतं. चिखल दोन्ही बाजूंना बाहेर ढकलला जावा म्हणून ती रचना. माझे टायर खरंच उलटे होते. चार महिने.

टायर सोडून दुसरं काही बदलावं तर त्याचीही गंमत असते. मध्यंतरी मला मागच्या आर्म, म्हणजे चाकं गाडीला जोडणारे दांडे, अ‍ॅल्युमिनियमच्या बसवायची दुर्बुद्धी झाली. निळ्या, चकचकीत, हातात घेतल्या की आपण काहीतरी केलं असं वाटायला लावणाऱ्या. प्लॅस्टिकच्या आर्म दगडाला लागल्या की वाकतात आणि परत येतात. फार झालं तर तुटतात, आणि तुटली तर तीनशे रुपयांचं काम. अ‍ॅल्युमिनियमची आर्म वाकली नाही. तिनं सगळा दणका आत ढकलला आणि गिअरबॉक्सचं कवच उभं चिरलं. एक जागा मजबूत केली की मोडणं तिथून उठून पुढच्या खोलीत जाऊन बसतं. दुकानात तो निळा रंग अजून खपतो आणि मला त्याचा राग येतो, कारण तो दिसायला खरोखर छान आहे. पिनियनला, म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरला, दोन दात वाढवले तेव्हा सरळ रस्त्यावर गाडी सुसाट गेली, मी खूश. चार मिनिटांनी मोटरला बोट लावलं आणि उकळत्या चहाच्या कपासारखं झटकन काढलं. तो वेग बॅटरी आणि मोटरकडून उसना आणलेला होता.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच ते एक्सेलचं पान जास्त टोचत होतं. एका रविवारी कुणाचं तरी लग्न होतं, दुसऱ्या रविवारी अवकाळी पाऊस झाला. तिसऱ्या रविवारी मी ठरवून अर्धा तास आधी निघालो. जुने, मग नवे, मग पुन्हा जुने, असा क्रम लावायचा. जमीन सुधारत असेल तर जुन्यांचा दुसरा आकडा ते सांगून टाकेल. आधी खरं काय ते कळू दे, मग ग्रुपवर लिहू. हा धीर होता की आणखी एक आठवडा ढकलणं होतं, ते मलाच नीट सांगता येणार नाही.

डिप्लोमावाला माझ्याही आधी आला होता. कमानीपाशी मोटरसायकल, आणि हा खांबाला टेकून उकिडवा, बग्गी मांडीवर. जवळ गेलो तर मागचे टायर वेगळेच दिसले. नवेच होते, मी सांगितलेलेच, पण पिनांची एकाआड एक ओळ गायब. बोट फिरवलं तर कापलेल्या जागी बारीक खडबडीत बुंधे लागत होते, दाढी दोन दिवसांची वाढावी तसे.

"कशानं कापलंस?"

"नेलकटरनं. दोन रात्री गेल्या काका. आईचं नेलकटर होतं, आता नवीन आणायचंय."

त्याचं म्हणणं असं की पिना दाट असल्या की फुफाटा त्यांच्यामध्ये अडकतो, टायर गुळगुळीत होतो आणि कचेवर तरंगतो. ओळी विरळ केल्या की प्रत्येक पिनेवर वजन जास्त येतं, ती फुफाट्यातून खाली जाऊन मुरुमाला टोचते. मी मान डोलावली. मग न राहवून सगळं सांगितलं. घसरगुंडी, ०.१, जुन्या टायरांनी झाडलेली पट्टी. त्याच्या अडीच हजारांचा उल्लेख करताना माझा आवाज जरा चोरटा झाला असणार. तो ऐकत ऐकत नट सैल करत होता.

"ते माहीत होतं काका. तुम्ही वहीचा फोटो टाकलेला ना. झूम करून बघितला. आकडे उतरतच होते की."

"मग घेतलेस कशाला?"

"रबर मऊ आहे ना त्यांचं. आणि पिना उंच आहेत. कापता येतात." आणि मग जरा हसून, "बुटक्या पिना असत्या तर काय करणार, वाढवता थोडंच येतात."

मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी जरा अपमानही झाला. माझ्या शिफारशीला त्यानं काडीची किंमत दिली नव्हती. वर मला कळूही दिलं नव्हतं. तीन आठवडे मी ज्याच्यासाठी अपराधी होतो तो दोन रात्री आईचं नेलकटर घेऊन कामाला लागला होता.

मग आम्ही रीतसर टेस्ट घेतली. गाडी माझीच, त्याच्या चाकांची बैठक माझ्या गाडीला बसते, त्यामुळे अडचण नव्हती. बॅटऱ्या आलटून पालटून, प्रत्येक वेळी पूर्ण भरलेल्या. फोनवरचं स्टॉपवॉच मामांच्या हातात, कारण आम्हा दोघांवरही विश्वास ठेवण्यासारखी परिस्थिती नव्हती. मामा दगडावर बसले, फोन दोन्ही हातांत धरून, आणि गाडी समोरच्या काळ्या दगडापाशी आली की अंगठ्यानं असा दाब द्यायचे की फोनचा आरपार खिळा जाईल. पट्टी आधी झाडून घ्यावी म्हणून सुरुवातीला न मोजता आठ फेऱ्या मारल्या. मग जुने: सरासरी २३.४. नवे, न कापलेले: २३.३. पुन्हा जुने: २३.२. म्हणजे माझ्या एका सेकंदाचं पार पाणी झालं. मग त्याचे कापलेले: २२.७. मी काही न बोलता पुन्हा जुने चढवले. २३.२.

"पाच पॉइंट," पोरगा म्हणाला. अर्धा सेकंद. खरा. आईच्या नेलकटरचा.

एका शेळीनं मध्येच ट्रॅकवर येऊन दुसऱ्या वळणाचा अभ्यास केला, तो लॅप आम्ही धरला नाही. ऊन आता पाठीला लागत होतं. मी वहीत तारीख टाकून आकडे लिहिले, या वेळी क्रमासकट, आणि पानाचा फोटो काढला. ग्रुप उघडला. खुलासा टाइप केला: मागच्या टेस्टमध्ये चूक होती, क्रमाचा परिणाम होता, न कापलेल्या नव्या टायरांचा फायदा दिसत नाही, क्षमस्व. क्षमस्व पुसून सॉरी केलं. सॉरी पुसून परत क्षमस्व.

"काका, एक मिनिट. डॉक्टरांनी कापलेत का टायर?"

"ते कशाला कापतील? ते तर घेतल्यापासून खूश आहेत. सगळ्यांना सांगत असतात, एक सेकंद मिळाला म्हणून."

"मग नका टाकू."

"का?"

"त्यांना खरंच मिळालाय. मागच्या महिन्यापर्यंत पंचवीसच्या खाली येत नव्हते. परवा संध्याकाळी इथं आलो होतो दोघं. मीच लावला होता टाइम. तेवीस-आठ."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. मामांनीही मान हलवली. "डॉक्टर आता वळणावर घाबरत न्हाईत," ते म्हणाले, आणि फोन मला परत द्यायला उठले. कमानीकडून मोटारीचा आवाज आला. डॉक्टरांची पांढरी गाडी मुरुमावरून फुफाटा उडवत आत येत होती, खिडकी खाली, आणि डॉक्टर लांबूनच हात वर करून एक बोट दाखवत होते. एक सेकंद. मेसेज अजून टाइप केलेला तसाच होता. मी फोन खिशात ठेवला आणि पुढच्या फेरीसाठी कच झाडायला केरसुणी घेतली.